काळ्या झिलईची ताटं

रोमन काळी भांडी जमवणाऱ्याच्या हाती नवा वाडगा आला, की तो आधी पालथा केला जातो. आतली चकाकी, काठाचा बाक, मधला ठसा हे सगळं मागाहून. बुडाला एक बुटकं गोल कडं असतं आणि त्याच्या आजूबाजूला काळ्या झिलईत दोन-तीन जागा उघड्या राहिलेल्या दिसतात, लालसर, बोटाच्या पेराएवढ्या. ती बोटंच आहेत. कुंभाराने वाळलेला वाडगा बुडाशी चिमटीत धरला, पातळ लेपात पालथा बुडवला, झटकला आणि फळीवर ठेवला. चिमटीखाली लेप पोचला नाही. कुणाला ती जागा पुन्हा रंगवावीशी वाटली नाही, कारण दिवसभरात असे कितीतरी वाडगे बुडवायचे होते. आज बावीसशे वर्षांनी त्या जागी आपली बोटं ठेवली, तर आंगठा कुठे आणि तर्जनी कुठे हे नेमकं कळतं.

मग वाडगा सुलटा करायचा. तळाशी बऱ्याचदा तपकिरी-लालसर चकती दिसते, नाण्यापेक्षा थोडी मोठी. ही नक्षी नव्हे. भट्टीत वाडग्यावर वाडगा असे उभे थर लावत. वरच्या वाडग्याच्या कड्याखाली जेवढा तळ झाकला गेला, तेवढ्या जागी धूर नीट पोचला नाही आणि काळा रंग अर्धवट राहिला. एका भट्टीत शेकडो नग लावण्याची घाई त्या चकतीत स्पष्ट दिसते. या भांड्यांची गोडी लागते ती अशा खुणांमुळे. अथेन्सच्या चित्रांकित कलशापुढे माणूस चित्र पाहत उभा राहतो. काळ्या वाडग्यावर पाहायला चित्र नसतं, त्यामुळे नजर थेट काम करणाऱ्या हातांकडे जाते.

इ.स.पू. चौथ्या शतकापासून पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत इटलीतल्या जेवणाच्या ताटांचा, वाडग्यांचा, पेल्यांचा रंग काळा होता. मूळ कसब ग्रीकांचं, अथेन्सचं. दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींमधून ते वर सरकलं आणि नेपल्स, काल्व्ही रिसोर्ताजवळचं जुनं कालेस, एट्रुरियातलं व्होल्तेर्रा, खुद्द रोम अशा गावोगावच्या भट्ट्यांत रुजलं. वाडगे लहान, कारण जुन्या रोमन घरातला रोजचा आहार म्हणजे धान्याची लापशी. मधोमध खळगा असलेली एक थाळी असे, तिला आज अभ्यासक माशाची थाळी म्हणतात. आणि रुंद, बाहेर झुकलेल्या काठाच्या ताटल्या, ज्या एकीत एक ठेवून गलबतातून सहज पाठवता येत.

तो काळा रंग म्हणजे रंग नव्हेच, हे या भांड्यांचं खरं वैभव. वेगळा रंग, काजळी, डांबर असं काहीही त्यात नाही. लोहयुक्त माती पाण्यात कालवायची, जाड कण खाली बसू द्यायचे आणि वर तरंगणारी सायीसारखी बारीक माती घ्यायची; तोच लेप. भट्टी पेटली की सुरुवातीला हवा खेळती ठेवायची. सगळं भांडं लाल होतं. मग झरोके बंद करायचे, ओली लाकडं सारायची. भट्टीत धूर कोंडतो, प्राणवायू संपतो आणि मातीतलं लाल लोह काळं पडतं, अंग आणि लेप दोन्हींचं. नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तो बारीक कणांचा लेप वितळल्यासारखा होऊन काचेगत घट्ट बसतो. शेवटी झरोके पुन्हा उघडायचे. अंगाची माती सच्छिद्र असल्यामुळे हवा आत शिरते आणि ती परत लाल किंवा पिवळट होते. लेपाची दारं मात्र बंद झालेली असतात, तो काळाच राहतो. झरोके उघडायला क्षणभर उशीर झाला किंवा आच थोडी कमी पडली, तर सगळा आवा डागाळलेला निघायचा. हे ज्ञान युरोपातून पुसलं गेलं होतं. थिओडोर शुमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ते प्रयोगाने पुन्हा सिद्ध करून दाखवलं. ज्यांना अक्षरओळखही नसेल अशा कुंभारांनी केवळ धुराच्या रंगावरून आणि ज्वाळेच्या आवाजावरून हे साधलं असणार, ही गोष्ट कितीदा वाचली तरी जुनी होत नाही.

फुटक्या काठाकडे पाहिलं तर गाव ओळखता येतं. आतली माती विटकरी लाल असेल तर भांडं बहुधा नेपल्सच्या परिसरातलं. फिकट पिवळसर असेल तर एट्रुरिया किंवा कालेस. राखाडी असेल तर सिसिली. निनो लांबोल्या या इटालियन पुरातत्त्वज्ञाने १९५२ मध्ये ही विभागणी मांडली आणि या तीन गटांना ‘काम्पाना ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशी नावं दिली. आकारांना त्याने नुसते क्रमांक दिले. आजही संग्राहक एकमेकांना ‘माझ्याकडे एक लांबोल्या २७ आहे’ असं सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अर्धगोल, गुबगुबीत वाडगा उभा राहतो. पुढे १९८१ मध्ये झाँ-पॉल मोरेल या फ्रेंच अभ्यासकाने आकारांचं अवाढव्य वर्गीकरण प्रसिद्ध केलं, चार आकडी क्रमांकांचं. रोमच्या उत्तरेला किनाऱ्यावरच्या कोसा या वसाहतीतली काळी खापरं डोरिस टेलर यांनी १९५७ मध्येच मांडून ठेवली होती. हे तिघे नसते, तर संग्रहालयांच्या तळघरातले ते ढीग ‘किरकोळ खापरं’ म्हणूनच पडून राहिले असते.

रोमन माणसाला स्वतःला या ताटांची काय किंमत होती? याचं उत्तर एका मेजवानीत सापडतं. इ.स.पू. १२९ मध्ये स्किपिओ एमिलियानस वारला, कार्थेज उद्ध्वस्त करणारा सेनापती. त्याच्या स्मरणार्थ रोमच्या जनतेला जेवण घालायचं ठरलं. बैठकांची आणि भांड्यांची व्यवस्था त्याचा भाचा क्विन्टस टुबेरो याच्याकडे आली. टुबेरो कडक स्टोइक विचारांचा, साधेपणाचा आग्रही. त्याने बैठकांवर बकऱ्यांची कातडी अंथरली आणि पुढे मातीची ताटं मांडली. लोकांना हा अपमान वाटला. एवढ्या मोठ्या माणसाचं श्राद्धभोजन आणि ताट मातीचं! टुबेरो पुढे प्रेटरपदाची निवडणूक हरला. सिसेरोने ही हकिगत भर न्यायालयात सांगितली, रोमन लोकांना खासगी डामडौल खपत नाही पण सार्वजनिक थाट हवा असतो हे पटवायला. शंभरेक वर्षांनी सेनेकाने तीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली: इतरांचं सोनं-चांदी वितळवून कितीदा घडवलं गेलं, टुबेरोची माती मात्र कायम राहील. दोघांत सेनेकाचं म्हणणं जास्त खरं ठरलं, अगदी शब्दशः. रोमन प्रजासत्ताकाच्या काळातली चांदीची ताटं आज फार थोडी उरली आहेत. मातीची लाखोंनी उरली.

खरं तर ही भांडी चांदीकडे पाहूनच घडली होती. पातळ काठ, धारदार कंगोरे, धातूसारखी चमक. मायकेल व्हिकर्स आणि डेव्हिड गिल या दोन अभ्यासकांनी तर असं मांडलं, की काळा रंग हा काळवंडलेल्या चांदीचाच रंग आहे. सगळ्यांना ते पटलं नाही, पण कालेसच्या उथळ वाट्या पाहिल्या की त्यांचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. या वाट्यांत आतून उठावाचं काम असतं: चार घोड्यांचे रथ वर्तुळात धावताहेत, रथांत देव बसलेले. असेच रथ असलेल्या चांदीच्या वाट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. कालेसच्या कारागिरांनी चांदीवरून साचे काढले आणि काही जणांनी त्या मातीवर आपलं नावही घातलं. ल्युसियस कानोलेयस हा त्यांतला एक; आपण कालेसचे आहोत हेही तो सांगतो. नक्कल करणारा कारागीर आपलं नाव अभिमानाने कोरतो, आणि ज्या चांदीची नक्कल झाली तिचा कर्ता अज्ञात राहतो.

त्याहून जिवाला लागतात ती ‘पोकोलोम’ भांडी. इ.स.पू. तिसऱ्या शतकातली. काळ्या झिलईवर पांढऱ्या रंगाने एखाद्या देवतेचं नाव आणि ‘हिचा पेला’ एवढाच मजकूर, जुन्या वळणाच्या लॅटिनमध्ये. सॅटर्नचा, बेलोनाचा, आरोग्यदेवतेचा. चोरांची देवता मानल्या गेलेल्या लाव्हेर्नाचाही एक आहे. एस्क्युलेपियसच्या पेल्यावर लिहिणाऱ्याने ‘पोकोकोलोम’ लिहिलं आहे, एक अक्षर दोनदा. हात घाईत होता, की लिहिणारा नवशिका होता? काही असो, रोमच्या महाकाव्यांच्या कितीतरी आधीचं हे लिखाण आहे आणि ते पेल्यावर आहे.

याच घराण्यातलं एक ताट रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. कापेना गावच्या दफनभूमीतून निघालेलं. त्याच्या मध्यभागी युद्धाचा हत्ती रंगवला आहे: पाठीवर बुरूज, बुरुजात सैनिक, मानेवर माहूत. मागे छोटं पिल्लू, सोंडेने आईचं शेपूट धरून चाललेलं. हत्तीच्या ठेवणीवरून तो भारतीय असल्याचं अभ्यासक मानतात. इ.स.पू. २८० मध्ये एपिरसचा राजा पिऱ्हस इटलीत उतरला तेव्हा इटलीने पहिल्यांदा हत्ती पाहिले. पाच वर्षांनी बेनेव्हेन्टमच्या लढाईनंतर पकडलेले काही हत्ती रोमच्या विजययात्रेत फिरवले गेले. त्याच लढाईत जखमी झालेल्या पिल्लाच्या आवाजाने आई बिथरली आणि तिने आपल्याच फौजेत गोंधळ माजवला, अशी कथा रोमन इतिहासकारांनी सांगितली आहे. ताट रंगवणाऱ्याने ते हत्ती स्वतः पाहिले असोत किंवा पाहिलेल्याकडून ऐकले असोत, पिल्लाची ती शेपटाला धरलेली सोंड मात्र अगदी खरी आहे. भारतातून निघून सिकंदराच्या वारसदारांच्या फौजांतून इथवर आलेली जनावरांची एक ओळ, आणि तिची खूण एका जेवणाच्या ताटात.

साध्या, चित्र नसलेल्या वाडग्यांचा उपयोग पुरातत्त्वात याहून मोठा आहे. कार्थेज इ.स.पू. १४६ मध्ये जळालं. स्पेनमधलं नुमान्तिया १३३ मध्ये पडलं. फ्रेजेल्लाय हे इटलीतलं गाव रोमने १२५ मध्ये जमीनदोस्त केलं. त्या राखेखालचे वाडगे त्या साली वापरात होते, हे पक्कं. असे खिळे ठोकून आकारांची कालरेषा तयार झाली आणि मग ज्या थराची तारीख कुणालाच ठाऊक नाही तिथे एक काळा काठ सापडला, की पंचवीस-तीस वर्षांच्या आत काळ सांगता येऊ लागला.

मार्सेलजवळच्या ग्राँ काँग्लुए या खडकाळ बेटाशी १९५२ मध्ये जॅक-इव्ह कुस्तो यांनी कॅलिप्सो जहाज उभं केलं. पाणबुड्यांनी समुद्रतळावरून वाइनचे रांजण आणि हजारो काळी ताटं-वाडगे वर काढले. पुरातत्त्वज्ञ फेर्नां बन्वा यांनी हे सगळं एकाच जहाजाचं मानलं. पण हिशेब जुळेना. काळी भांडी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची, आणि सेस्टियस या नावाचे शिक्के असलेले रांजण त्यांच्याहून जवळपास शतकभराने अलीकडचे. वर्षानुवर्षं यावर वाद झाला. शेवटी लक्षात आलं की तिथे दोन जहाजं आहेत. एक बुडालं, आणि काही पिढ्यांनी दुसरं नेमकं त्याच्यावर येऊन पडलं. रांजणांच्या मोठ्या ढिगापेक्षा वाडग्यांची साक्ष खरी निघाली.

तेव्हाचं पाण्याखालचं काम आजच्या मानाने राकट होतं. लांबोल्याने १९५० मध्ये आल्बेंगाजवळ बुडालेल्या रोमन जहाजावर ‘आर्तिल्यो’ नावाच्या बोटीच्या लोखंडी पंजाने रांजण उपसले आणि त्यांतले पुष्कळ फुटले. त्या अनुभवातूनच पुढे तो पाण्याखालच्या शिस्तबद्ध उत्खननाचा इटलीतला आद्य पुरस्कर्ता झाला. १९७७ मध्ये जेनोआच्या बंदरात फेरीबोटीवर चढताना मोटार समुद्रात पडून त्याचा मृत्यू झाला.

जमवण्याचा छंद जुना आहे. १२८२ मध्ये रिस्तोरो या आरेत्सोच्या विद्वानाने आपल्या विश्वरचनेवरच्या ग्रंथात गावात सापडणाऱ्या जुन्या भांड्यांवर एक प्रकरणच लिहिलं आणि जाणकारांच्या हाती तुकडा आला तर ते तो पवित्र वस्तूसारखा जपत, असं सांगितलं. आरेत्सोची ती भांडी प्रामुख्याने लाल. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या कुंभारांनी भट्टी कोंडणं सोडून दिलं, हवा शेवटपर्यंत खेळती ठेवली, आणि एकाच पिढीत इटलीची ताटं काळ्याची लाल झाली. आकार बराच काळ तेच राहिले.

अठराव्या शतकात हा छंद राजकीय प्रतिष्ठेचा झाला. विल्यम हॅमिल्टन १७६४ मध्ये ब्रिटनचा वकील म्हणून नेपल्सला आला आणि थडग्यांतल्या भांड्यांच्या नादी लागला. त्याचा पहिला संग्रह १७७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने सुमारे ८,४०० पौंडांना घेतला. दुसऱ्या संग्रहाचा काही भाग १७९८ मध्ये ‘कोलोसस’ जहाजाबरोबर सिली बेटांजवळ बुडाला. हॅमिल्टनच्या ग्रंथांतली चित्रं पाहून जोसाया वेजवुडने इंग्लंडात काळ्या बसाल्टसारखी भांडी घडवली. त्याच्या नव्या कारखान्याचं नावच ‘एट्रुरिया’ आणि १३ जून १७६९ रोजी पहिल्या दिवशी चाकावर घडलेले कलश काळे होते. हॅमिल्टनच्या दुसऱ्या संग्रहावरच्या ग्रंथाचं मुखचित्र बघण्यासारखं आहे. उघडलेलं थडगं, आत सांगाडा, भोवती कलश, आणि वर उभा राहून पाहणारा हॅमिल्टन. कलश उचलले गेले. कुठला कोणाच्या उशाशी होता, कुठला पायाशी, त्यात काय ठेवलं होतं, हे सांगू शकणारं ते थडगं राहिलं नाही.

इथे या छंदाची खरी अडचण सुरू होते आणि ती सौंदर्यावर प्रेम करणाऱ्यानेच सर्वांत आधी मान्य करायला हवी. साधा काळा वाडगा बाजारात स्वस्त असतो, कित्येकदा बऱ्या मोबाइल फोनपेक्षाही. स्वस्त म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण इटलीत रात्री थडगी फोडणाऱ्या तोंबारोलींना हवा असतो तो चित्रांकित कलश किंवा सोनं. वाडगे सोबत निघतात, टोपलीभर. १९०९ च्या कायद्यापासून इटलीत जमिनीखाली सापडलेली प्राचीन वस्तू सरकारची आहे. १९६९ मध्ये काराबिनिएरी पोलिसांचं खास पथक उभं राहिलं, १९७० मध्ये युनेस्कोचा करार आला, २०२२ मध्ये सांस्कृतिक वारशाविरुद्धचे गुन्हे थेट इटलीच्या दंडविधानात घातले गेले. १९९५ मध्ये जिनिव्हाच्या करमुक्त गोदामावर छापा पडला तेव्हा हजारो वस्तू आणि त्यांची मातीने माखलेल्या अवस्थेतली छायाचित्रं मिळाली. त्या प्रकरणात जाकोमो मेदिची हा व्यापारी २००४ मध्ये दोषी ठरला.

जागेची माहिती गेली की काय जातं, याचं उत्तम उदाहरण पुण्यात घडलं. पुदुच्चेरीजवळच्या आरिकमेडूला १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं. तिथे आरेत्सोची शिक्क्यांची लाल खापरं निघाली आणि त्यांच्याबरोबर पातळ, काळसर, गुळगुळीत थाळ्यांचे तुकडे, आत चक्रीने उठवलेल्या बारीक टिंबांच्या वर्तुळांचे. ही भांडी भूमध्य समुद्राकडची किंवा त्यांच्या नमुन्यावर घडलेली, असं व्हीलर यांना वाटलं. विमला बेगली यांनी पुढे ती भारतीयच असल्याचं आग्रहाने मांडलं. आणि १९९७ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने मातीतली खनिजं तपासून तिचं मूळ बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक परिसरात दाखवलं. दक्षिण भारतापासून आग्नेय आशियापर्यंतची तशीच खापरं त्या मातीशी जुळली. हे जमलं ते प्रत्येक तुकड्यावर गावाचं, खड्ड्याचं, थराचं नाव होतं म्हणून. तेच तुकडे एखाद्या दिवाणखान्याच्या कपाटातून मिळाले असते, तर नुसत्या सुंदर काळ्या थाळ्या राहिल्या असत्या.

संग्राहक म्हणजे शत्रू, असं मात्र नव्हे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावातल्या मातीत निघणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या आणि त्या तेरमध्येच राहिल्या. आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे. पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची आठवण करून देणारी मूर्ती त्याच मातीतली. वस्तू गावाला धरून राहिली म्हणून तिचा रोमशी असलेला धागा बोलता आला.

रोमन काळं भांडं स्वतःचं असावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने विकणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचाराव्यात: हे कुठून आलं, १९७० पूर्वी कोणाकडे होतं, आणि त्याचा कागद आहे का. जुन्या लिलावाची पावती, जुन्या संग्रहाची चिठ्ठी, छापील सूचीतला क्रमांक, असं काहीतरी हवं. ‘एका युरोपीय कुटुंबाकडून’ हे उत्तर चालणार नाही. कागद नसेल तर वाडगा परत ठेवावा, कितीही सुंदर असला तरी. आणि घ्यायचाच नसेल तर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात, व्हिला जुलियात, व्होल्तेर्राच्या ग्वारनाच्ची संग्रहालयात जावं, चित्रांकित कलशांची दालनं थोडी लवकर आटपावीत आणि साध्या काळ्या वाडग्यांच्या कपाटापुढे वेळ काढावा. बुडाकडची बाजू दिसत नसेल तर वाकून पाहावी.